आधी नवं दावं, मग जुनं

प्रिय वहिनी,

मेलेल्याला निरोप पाठवायचा नसतो, हे मला तूच शिकवलंस. मेमरीतून गेलेल्या वस्तूला निरोप पाठवला की प्रोग्राम कोसळतो, असं तू बोटानं टेबल वाजवत सांगायचीस. आणि बघ, आज मी तेच करायला बसलेय! कोसळले तर कोसळले. पण आज सणसवाडीच्या कारखान्यात जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही.

तुझं ॲप वाचलं, वहिनी! कंपनी ते काढून टाकणार होती. दिवस ठरला होता, नवीन सॉफ्टवेअरवाले येऊन मशिनी बघून गेले होते. आज दुपारी पाळी बदलताना सगळ्यांच्या देखत तुझं ॲप चाललं, आणि मॅनेजर साहेब स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "राहू द्या. हेच राहू द्या."

थांब, असं शेपटाकडून सांगितलेलं तुला चालायचं नाही. तुला सगळं क्रमानं लागायचं. पाहुण्यांना चहा आधी की पाणी आधी, यावरूनसुद्धा तू मला धारेवर धरायचीस. क्रमानं सांगते.

तुझं लग्न आठवतं? दौंडच्या रेल्वे कॉलनीतली तू. केंदूरला आलीस तेव्हा तुझ्या मामांनी हौसेनं रुखवतात लाडवांच्या शेजारी तुझा लॅपटॉप मांडला होता! आमच्या आळीतल्या एका काकूंनी त्याचं झाकण उघडून बघितलं आणि "आरसा न्हाई व्हय ह्यात?" म्हणून परत लावून टाकलं. मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पुण्यातल्या कंपनीत आयफोनची ॲपं लिहिणारी वहिनी येणार म्हटल्यावर मी आठवडाभर मैत्रिणींना तेवढंच सांगत सुटले होते.

चारचौघांत तू मला "वन्सं, तुम्ही" म्हणायचीस. मी तुझ्याहून धाकटी, तरी नणंद म्हणून हा मान! आणि मी मात्र पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. आईनं डोळे वटारले, तर तू म्हणालीस, "असू द्या आत्याबाई, माझ्या धाकट्या बहिणीसारख्या हायत त्या." पण कॉम्प्युटरसमोर बसलो की सगळा मान गुंडाळून ठेवायचीस. "पूनम, तुझं डोकं हाय का खोकं?" हे मी किती वेळा ऐकलं असेल! स्वयंपाकघरात वन्सं आणि कीबोर्डपुढं खोकं. मला खरं सांगू? दोन्ही आवडायचं.

शिक्रापूरच्या चौकात टायरच्या दुकानावर तू दोन खोल्या भाड्यानं घेतल्यास, तेव्हा आईनं दोन दिवस तोंड फुगवलं होतं. सुनेनं कारखान्यांच्या दारात हिंडायचं म्हणजे काय! दादा मात्र तुझं टेबल टेम्पोत घालून स्वतः घेऊन आला. खाली ट्रक गेला की ते टेबल थरथरायचं. अजून थरथरतं. आत्ता लिहितानाही अक्षरं हलतायत.

तिथं तू मला ऑब्जेक्टिव्ह-सी, आयफोनची ॲपं लिहायची भाषा, शिकवायला घेतलीस. आता हे सगळं मशीन आपोआप करतं, पण तेव्हा मेमरी आपल्या हातानं सांभाळावी लागायची. प्रोग्राममधल्या एखाद्या वस्तूला किती जणांनी धरून ठेवलंय, याची मोजणी असते. कुणी धरलं, म्हणजे रिटेन केलं, की मोजणी वाढते. सोडलं, म्हणजे रिलीज केलं, की कमी होते. शून्य झाली की वस्तू गेली. ऐकायला किती सोपं! मला ते काही केल्या जमेना. वस्तूच्या पोटातल्या व्हेरिएबलमध्ये मी दुसरी वस्तू नुसती ठेवून द्यायचे आणि समजायचे, आता ही आपली झाली. थोड्या वेळानं बघावं तर वस्तू गायब आणि प्रोग्राम आडवा.

आणि मग एक दिवस हरण्या सुटला!

त्या साली माझे वडील आप्पा आणि चुलते आबा वेगळे झाले, आणि हरण्या बैल आबांच्या वाटणीला गेला. बैल दुसऱ्याच्या हवाली करायची आपल्याकडची रीत तुला नवीन होती. घेणारा घरून नवं दावं घेऊन येतो. आधी ते बैलाच्या गळ्यात बांधतो, आणि मगच देणारा आपलं जुनं दावं सोडून खांद्यावर टाकतो. जुनं दावं बैलाबरोबर द्यायचं नसतं, त्यानं गोठ्याची बरकत जाते म्हणतात. बैलबाजारात आप्पांनी उभ्या हयातीत हा क्रम चुकवला नव्हता. पण हा पडला घरातला व्यवहार.

"आरं, बैल घरचा, गोठा घरचा," आबा म्हणाले. "सोड तू आधी. बांधतो मी निवांत."

आप्पांनी सोडलं. आबा नव्या दाव्याची गाठ उकलेपर्यंत हरण्यानं उकिरडा ओलांडला, शेजाऱ्यांची गवार तुडवली आणि पाबळचा रस्ता धरला. निम्मी आळी त्याच्या मागं! आप्पांची टोपी एकीकडं, चपला एकीकडं. आणि तू नवी सून, ओसरीवर पदरात तोंड खुपसून हसत होतीस. आईनं बघितलं असतं तर?

संध्याकाळी हरण्याला कसाबसा परत आणला, आणि तू मला हाताला धरून लॅपटॉपसमोर बसवलंस.

"खुंट्यावर बैलाचं नाव लिहिलं म्हंजी बैल बांधला जातो का गं?"

"नाही."

"मग? व्हेरिएबल हा नुसता खुंटा हाय. दावं बांधलंस, रिटेन केलंस, तरच वस्तू तुझी. आन् खुंट्यावरचा बैल बदलायचा असंल तर आधी नवं दावं बांधायचं, मग जुनं सोडायचं. कायम. बाजारात कुणी चुकत न्हाई, घरातल्या घरात चुकत्यात."

मी वाद घातला, घालणारच. म्हटलं, नवा बैल आणि जुना बैल एकच असला तर कशाला हा खटाटोप? तोच तर बैल!

"तोच हाय म्हणूनच सुटला की!" तू म्हणालीस.

त्या दिवशी मला हे जे कळलं, ते पुन्हा कधी विसरले नाही. कॉलेजात एवढी वर्षं घालवून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आबांच्या आळसानं शिकवलं!

सणसवाडीचं ॲप हे तुझं सगळ्यांत लाडकं काम. कारखान्यात तयार झालेला पार्ट कामगारानं मोजायचा, फोटो काढायचा, माप आयपॅडवर भरायचं. मशीनवर कोण बसलंय त्याचं नाव वर दिसायचं. पहिल्या दिवशी तू सुपरवायझरच्या शेजारी उभी राहिलीस आणि कामगारांच्या हातांकडं बघत राहिलीस. घरी आल्यावर म्हणालीस, "पूनम, बटणं मोठी करावी लागतील. त्यांच्या बोटांना ग्रीस असतं." मोठी केलीस! कामगारांना तुझं ॲप कधी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि मग तू आजारी पडलीस. यावरून माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि ते मिटलेलं नाही. एवढं दुखत होतं तर बोलली का नाहीस? "ॲसिडिटी हाय" म्हणून महिने काढलेस. प्रोग्राममध्ये बारीकशी गळती दिसली तरी तू जेवण सोडून मागं लागायचीस, आणि स्वतःच्या पोटातलं दुखणं मात्र पदराआड झाकून ठेवलंस? वर दादाला बजावलंस, वन्संना सांगू नका, त्यांचं काम अडेल. कुठलं काम गं? मला काय करायचं होतं त्या कामाचं?

तू गेल्यावर कंपनीनं ॲपची देखभाल पुण्याच्या एका फर्मला दिली. मला विचारलं होतं, पण तेव्हा मला त्या खोल्यांचा जिना चढवत नव्हता. मी नाही म्हणाले.

दोन वर्षं बरी गेली. यंदा मात्र ॲप मध्येच बंद पडायला लागलं. कधी फोटो काढताना, कधी माप भरताना, कधी दिवसभर काहीच नाही. कारण कुणाला सापडेना. आणि कारण सापडेना की माणसं काय करतात? एखादा माणूस शोधतात. रामसजीवन नावाचा ग्राइंडिंगवरचा कामगार आहे, उत्तर प्रदेशातला, सणसवाडीतच खोली घेऊन राहतो. त्याच्याच हातात ॲप जास्त वेळा बंद पडायचं, म्हणून सगळे त्याला पनवती म्हणायला लागले.

मला हे कसं कळलं? मॅनेजर साहेबांचा फोन आला. भले गृहस्थ आहेत, सांगून काढावं म्हणून फोन केला. म्हणाले, "पूनम मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. अर्चना मॅडमनं चांगलं केलं होतं. पण ती हातानं मेमरी सांभाळायची जुनी पद्धत. माणूस आहे, कुठंतरी चुकणारच. आता सगळं काढून नवीन घेतोय."

वहिनी, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली! चुकणारच? तू? जी मला सेमिकोलनवरून रडवायची, ती?

मी म्हटलं, "साहेब, मला रविवारपर्यंत द्या. चूक तिची निघाली तर मी स्वतः येऊन ॲप काढीन."

बोलून तर गेले. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, चूक तुझी निघाली तर? तू नसताना, तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नसताना, मीच तुझी चूक शोधून त्यांच्या हातात द्यायची? मग तुझं नाव निघालं की "ते सारखं बंद पडायचं, त्या मॅडमचं" एवढंच उरणार. मला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, मी सांगितलं. आईनं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढले. टायरवाल्यानं शटर अर्धं वर केलं होतं. "आलात व्हय ताई? बरं झालं," एवढंच तो म्हणाला.

तुझ्या फाइली उघडल्या. काय सांगू तुला! जिथं जिथं धरलंस तिथं तिथं सोडलंस. एकसुद्धा दावं जास्त नाही, एक कमी नाही. एखादी वस्तू मेमरीतून जायची वेळ आली की ती आपल्या ताब्यातलं एकेक सोडते आणि शेवटच्या ओळीत, ज्या मूळ साच्यावरून ती घडली त्या थोरल्या क्लासच्या हवाली स्वतःला करते. हा क्रम तू कुठंच, एकाही फाइलीत चुकवला नव्हतास. आजारपणातल्या फाइलीतसुद्धा! ते बघितलं आणि मला रडू फुटलं. इतक्या जोरात, की खालून टायरवाला वर आला. "ताई, सगळं बरं हाय न्हवं?" त्याला काय सांगणार? म्हटलं, बरं आहे, फार बरं आहे.

पण मग ॲप बंद का पडतंय? दोन दिवस मी डोकं आपटलं. शेवटी उठले आणि सरळ सणसवाडी गाठली. म्हटलं, ज्याला पनवती म्हणतात त्यालाच विचारावं.

रामसजीवन बिचारा आधी हातातला पार्ट पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, जब डबल करते हैं, तभी बंद होता है। हमारे हाथ में ही खोट है क्या?"

डबल म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या. त्याच्या खोलीतले, त्याच कारखान्यातले जोडीदार गावाला गेले होते, म्हणून त्याला जास्तीच्या पाळ्या मिळत होत्या. मी विचारलं, डबलला आयपॅडवर काय करता? त्यानं दाखवलं. पाळी बदलली की एक बटण दाबायचं, "तोच ऑपरेटर पुढे".

वहिनी, हे बटण तुझं नाही! तुझ्या वेळी नाव यादीतून पुन्हा निवडावं लागायचं. हे बटण पुण्याच्या फर्मनं यंदा मागाहून जोडलंय, आणि कामगारांची सोय म्हणून चांगलंच आहे. पण जोडताना त्यांनी मशीनवरचा ऑपरेटर बदलायची तुझी पद्धतही नव्यानं लिहिली होती. मी परत शिक्रापूरला धावले, फर्मकडून त्यांची फाइल मागवली आणि त्या ओळी शोधून काढल्या. काय होतं तिथं? आधी जुना ऑपरेटर सोडला, मग नवा धरला!

माणूस वेगळा असला तर त्यानं काही बिघडत नाही. पण डबलला जुना कोण? रामसजीवन. नवा कोण? तोच रामसजीवन. त्याला धरणारं ते एकच दावं होतं, ते आधीच सोडून टाकलं. मग धरायचं कुणाला? घरचा बैल, घरचा गोठा! मी एकटीच त्या खोलीत ओरडले, "अगं वहिनी, हरण्या!"

आणि लगेच बंद का पडत नव्हतं, तेही कळलं. सोडलेला बैल थोडा वेळ जागेवरच उभा राहतो, आपल्याला वाटतं बांधलेलाच आहे. मग केव्हातरी फोटो काढायला हाक मारावी, तर खुंटा रिकामा. तू ज्याला भुताचं बटण म्हणायचीस, ते चालू केलं. ते चालू असलं की गेलेली वस्तू पुसली जात नाही, हाक मारली की मी गेलेय म्हणून सांगते. "तोच ऑपरेटर पुढे" दाबलं, आणि गेलेलं कोण, ते भूत तिथल्या तिथं बोललं. ऑपरेटर!

ज्यानं त्या ओळी लिहिल्या, त्याच्यावर मी रागावले नाही. तू रागावली असतीस, मला ठाऊक आहे. पण ज्याला मशीनच सगळं करून देतं, त्यानं हातानं दावं कधी बांधलेलंच नसतं. त्याला मी फोन करून समजावलं. हरण्यासकट! पोरगा पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, "मॅडम, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

दोन ओळींची जागा बदलली. एवढंच. तुझीच ओळ परत तुझ्या जागी ठेवली.

आता आजचं ऐक. दुपारी पाळी बदलायचा भोंगा झाला. मॅनेजर साहेब, दोन सुपरवायझर, नवीन सॉफ्टवेअरवाल्यांचा एक माणूस, आणि कामावरून सुटलेले पण घरी न गेलेले सगळे कामगार. मधोमध रामसजीवन. त्याचं बोट बटणाजवळ जाऊन थांबलं.

"दबाओ भैया," मी म्हटलं. "तुम्हारे हाथ में कोई खोट नहीं है।"

त्यानं दाबलं. पार्ट मोजला, माप भरलं, फोटो काढला. चाललं. परत दाबलं, परत मोजलं. चाललं! मग त्याला चेवच आला. "फिर से?" "फिर से!" मागून कुणीतरी ओरडलं, "बास की आता, पार्ट झिजंल त्यो!" आणि सगळा शेड हसला. साहेबांनी स्वतः पुढं होऊन दोनदा दाबून बघितलं. नवीनवाल्यानं गुपचूप बॅग आवरली. ज्यांनी रामसजीवनला पनवती म्हटलं होतं, तेच त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

"मग चूक अर्चना मॅडमची नव्हती तर," साहेब म्हणाले.

"नाही साहेब," मी म्हटलं. "तिच्या कोडमध्ये एकही चूक नाही. मी ओळन् ओळ बघितलीय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे तुला वरच सांगून टाकलंय. शिवाय इथून पुढं ॲप माझ्याकडं दिलं. मी या वेळी नाही म्हणाले नाही.

गेटवर दादा मोटारसायकल लावून उभा होता. झेंडू तोडायचा सोडून आला होता, शर्टावर पाकळ्या तशाच. तू गेल्यापासून त्यानं आमच्यासमोर तुझं नाव उच्चारलेलं नाही, तुला माहीत आहे का हे? माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "अर्चनाचं ऱ्हायलं?"

"राहिलं, दादा."

तो रस्त्याकडं तोंड करून बराच वेळ किक मारत राहिला. गाडी पहिल्याच किकेला चालू झाली होती, गं.

आणि आई! इथं यायच्या आधी घरी गेले होते. जिनं त्या दोन खोल्यांवरून तोंड फुगवलं होतं, ती आज अख्ख्या आळीला पेढे वाटतेय. रुखवतातला लॅपटॉप उघडून बघणाऱ्या त्या काकू आल्या, तर आई त्यांना म्हणाली, "माझ्या सुनंनं केल्यालं हाय ते. कारखाना चालतोय तिच्यावर. काढणार व्हते, काढतील कसे?" कारखाना काही त्याच्यावर चालत नाही, पण मी आणखी एक पेढा तोंडात टाकला. हे तू ऐकायला हवं होतंस. तुझ्या हयातीत आईनं हे एकदा जरी म्हटलं असतं! आणि मी तरी कुठं म्हटलं? तुझ्याकडून शिकत राहिले, भांडत राहिले. किती सुरेख काम करतेस, हे तोंडानं सांगायचं राहूनच गेलं. आज सांगते. सुरेख काम केलंस, वहिनी. फार सुरेख.

कधीतरी हे ॲप नव्या पद्धतीत न्यावं लागेल, तेही मीच नेईन. तोवर तुझ्या एकाही ओळीला कुणी न समजता हात लावणार नाही, आणि माझ्या हाताखाली येणारी प्रत्येक पोरगी आधी हातानं धरायला आणि सोडायला शिकेल. हा माझा शब्द.

सणसवाडीत आता दुसरी पाळी रंगात आली असेल. ग्रीसची बोटं तुझ्या मोठ्या बटणांवर पडत असतील. त्यातल्या निम्म्यांना तुझं नावही ठाऊक नाही. ते बटण दाबतात आणि पडदा उत्तर देतो. उद्याही देईल, वहिनी. मी आहे इथं.

तुझी वन्सं,
पूनम
शिक्रापूर, टायरच्या दुकानावर